फांदी कुठे सोडलीत?

सोमवार, ४ डिसेंबर १९३३. तुमच्या सायकलच्या पुढच्या चाकाची आउट काढायला, म्हणजे वाकडं चाक सरळ करायला बसले आहे.

चाक बरंच बिघडलं आहे. रिंग एका बाजूनं आत गेली आहे, तिथल्या तारा तुटल्या आहेत, आणि फिरवलं की ताडी प्यायलेल्या माणसासारखं दोन्हीकडे झुकतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, नवी रिंग मागवू मुंबईहून." मी म्हटलं असतं, "जुनी सरळ होते." यावर आपलं संध्याकाळपर्यंत चाललं असतं. आज एकटीच आहे, त्यामुळे काम लवकर होतंय. एवढाच काय तो फायदा.

दुकानाची एकच फळी काढली आहे. सगळ्या काढल्या की लोक थांबतात. सायकल भाड्यानं न्यायला कुणी थांबत नाही, नुसते बघायला थांबतात. तेरावं होतं न होतं तोच ही बाई हातात पाना घेऊन बसली, ते बघायला. काल देवळाकडे निघालेल्या बायका इथे उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. मी पाना जमिनीवर आपटला तशा पुढे गेल्या.

मला कुणाचंच पटकन खरं वाटत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच म्हणायचात, "हिच्या हातावर देवानं प्रसाद ठेवला तरी ही आधी वास घेईल." घेईनच. पण या खेपेला गावाचा संशय माझ्यावरच आहे. स्टेशनापासून दहिवलीपर्यंत एकच वाक्य फिरतंय, घाटात ब्रेक गेला. आणि आपल्या दुकानातले ब्रेक कोण बसवतं, हे सगळ्या कर्जताला ठाऊक आहे. तुम्ही पुढे बसून गप्पा मारायचात, सायकलवर फिरायला आलेल्या मुंबईच्या मंडळींना रस्ते दाखवायचात. मागे पडद्याआड चाकं, चेन, पंक्चर आणि ब्रेक माझ्याकडे. मी दहिवलीच्या लोहाराची मुलगी. तुम्हाला खिळासुद्धा सरळ ठोकता यायचा नाही.

तेव्हापासून भाड्याच्या सायकली भिंतीला टेकून उभ्या आहेत. एक गिऱ्हाईक आलं होतं. सायकल उचलली, ब्रेक दोनदा दाबून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि "उद्या येतो" म्हणून गेलं. तो उद्या अजून उजाडला नाही. गंगू तेराव्याला शेलूहून आली होती. जाताना म्हणाली, "आई, दुकान मोड आणि माझ्याकडे चल." विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या "या" म्हणाल्या नाहीत. "बघा," म्हणाल्या. मुलीच्या सासरी जाऊन "बघा" ऐकत म्हातारी व्हायची माझी तयारी नाही.

म्हणून मला एकच गोष्ट पाहिजे आहे. तुम्ही माझ्या ब्रेकनं गेलात का? रडायचं ते नंतर बघू.

हे मी कधीच बघून घेतलं असतं, पण तेरावं होईपर्यंत सायकलला हात लावता येत नव्हता. दत्तू भावोजींनी ती खोपोलीहून आणली आणि परस्पर मागच्या पडवीत गोणपाटाखाली टाकली. तुमचा चुलतभाऊ, लहानपणापासून तुमच्या पाठीवर वाढलेला, आणि आता घाटातल्या रस्त्याच्या कामावर कंत्राटदाराचा मुकादम. तुम्ही पडलात तेव्हा तो तिथेच खाली कामावर होता. त्यानंच तुम्हाला उचललं, त्यानंच गाडीत घातलं, त्यानंच घरी आणलं. दिवसकार्यात घरच्यासारखा राबला. आणि दहाव्याच्या दिवशी मला म्हणाला, "वहिनी, हे धूड डोळ्यांसमोर नको. मी खोपोलीला भंगारात घालून येतो."

"एवढी घाई कसली?"

"घाई नाही हो. तुम्हाला त्रास नको."

"त्रास मला व्हायचा. तुम्ही का घामाघूम होताय?"

तेव्हा मला वाटलं, त्याचा डोळा दुकानावर आहे. आज सायकल मोडीत, उद्या दुकान. मी गोणपाट पुन्हा नीट दाबलं आणि पडवीला कुलूप घातलं. दुकानावर डोळा नव्हता, हे आज कळलं. पण कुलूप घातलं ते बरंच केलं.

आज पहिल्यांदा ब्रेक बघितला. भावोजींनी गावभर सांगितलं, "दादा भरधाव आला, ब्रेक दाबला तो लागलाच नाही. दांडी निसटली. रस्ता तर आरशासारखा होता." ब्रेकची दांडी जिथे जोडलेली असते, तिथे मी खिळीत तांब्याची तार घालून पिळते. मी डावखुरी. माझा पीळ इतरांच्या उलटा बसतो, आणि त्याची दुसरी नक्कल या तालुक्यात नाही. दांडी पडताना वाकली आहे. पण दोन्ही टोकांना खिळी जागेवर आहे आणि तारेला माझाच उलटा पीळ आहे. निसटलं काहीच नाही.

मग ब्रेकची रबरं बघितली. गेल्या महिन्यातच नवी घातली होती. पुढचं जवळजवळ कोरं. मागचं झिजलेलं, पण अजून चांगलं जाड.

मागचं झिजलेलं. हे मला नवीन नाही. गेली काही वर्षं आपला हाच तंटा होता.

तुमचा घाट उतरायचा प्रकार सगळ्यांना ठाऊक होता. गार्डाच्या डब्यात सायकली टाकून गाडीनं खंडाळ्याला चढायचं, तिथे एखादी वाळकी, फाटे फुटलेली जाड फांदी शोधायची, ती काथ्याच्या दोरीनं मागे कॅरियरला बांधायची आणि जमिनीवर घासत घाट उतरायचा. फांदी मागे ओढते, सायकल हाताबाहेर जात नाही, ब्रेक तापत नाहीत. मुंबईची मंडळी पहिल्यांदा हसायची. एका वळणानंतर हसणं बंद व्हायचं. तुम्ही त्या फांदीला शेपटी म्हणायचात. दत्तू भावोजी चिडायचे, "दादा, तुझ्या शेपटीनं माझा रस्ता उकरतो." तुम्ही म्हणायचात, "तुझा रस्ता खरवडायला शेपटी कशाला पाहिजे, कोंबडी पुरे."

तर मला सांगा, अख्खा घाट फांदी बांधून उतरणाऱ्या माणसाचं मागचं रबर इतकं कसं झिजतं? मी विचारायची आणि तुम्ही छपराकडे बघायचात.

"रबरच हलकं येतं हल्ली."

"मग कडावच्या रानातनं येता तेव्हा नाही झिजत?"

"तिकडे सपाट आहे."

"आणि नेरळला?"

"अगं, तू रबर बघतेस का मला बघतेस?"

दोन्ही बघत होते. मला वाटायचं, तुम्ही मंडळींसमोर शौर्य दाखवायला फांदी सोडून सुसाट येता. पन्नाशीला टेकलेला माणूस. त्यातून ती मधाची बाटली. दर हिवाळ्यात घाटातनं आलात की पिशवीत मध. बाटलीच्या तोंडाला पळसाच्या पानाची गुंडाळी. "बाजारात घेतला." कुठल्या बाजारात पळसाच्या पानाचं बूच मिळतं? शिवाय गाडीवान सांगायचे की तुम्ही शिंगरोबाच्या देवळाच्या खालच्या अंगाला एका झोपडीशी थांबलेले दिसता. मी मध खायची आणि गप्प बसायची. मध चांगला होता. पण तो घशाखाली उतरताना दर वेळी मी त्या झोपडीत कोण असेल याचा विचार करायची.

आणि रस्त्याचं तर आपलं कधीच जमलं नाही. खोपोलीहून सरळ कर्जतला यायला रस्ता असताना तुम्ही खालापूर, चौक असा वळसा घालून यायचात. मंडळी दमलेली, तुम्ही दमलेले, दिवेलागणीला घरी. मी म्हणायची, "जवळचा रस्ता काय वाघानं अडवलाय?"

"तिकडे सावली आहे."

"सावलीसाठी कुणी एवढं लांब जातं?"

"रस्ता जवळचा की लांबचा, हे सायकलवाला विचारत नाही."

"मग काय विचारतो?"

"झाडं कुठं आहेत."

हे उत्तर म्हणून मला कधीच पटलं नाही. मी खालापुराकडच्या गाडीवानांना आडून आडून विचारून ठेवलं होतं, तिकडे तुमचं कुणाकडे जाणं-येणं आहे का म्हणून. कुणाकडे नव्हतं. काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

तुम्ही एकदा म्हणालात, "एकदा गाडीवानाच्या गाडीतनं तरी चल. रस्ता बघ. आंबे, जांभळी, मधे ओढा." मी म्हटलं, "मी गेले तर तुमच्या सायकलींना हवा कोण भरेल?" तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मला वाटलं होतं, विचाराल.

असो. चाकाकडे येते. तुटलेल्या तारा काढण्यासाठी टायर उतरवला, तेव्हा हाताला काहीतरी टोचलं. टायरमध्ये खडीचे बारीक कपचे रुतले होते. काळे, धारदार, ताजे फोडलेले. एक कपचा तर ब्रेकच्या रबरात बसला होता. घाटातली जुनी खडी मी तुमच्या टायरमधनं वर्षानुवर्षं काढली आहे. ती गाड्यांखाली घासून गोल झालेली असते आणि लाल मातीत माखलेली असते. ही खडी चार पावसाळे खाल्लेली नव्हती. ही नुकतीच हातोड्याखालनं निघालेली. आणि भावोजी म्हणतात, रस्ता आरशासारखा होता.

कपचे मी पदराच्या टोकाला बांधले.

एवढ्यात फळीच्या फटीतून आधी काठी आत आली आणि काठीमागून म्हातारी. कातकऱ्याची बाई, डोक्यावर रिकामी चुंबळ, कमरेत वाकलेली. आज बाजाराचा दिवस, लाकडाच्या मोळ्या घेऊन आलेल्या बायकांबरोबर आली असावी.

"सायकलवाल्याचं घर ह्येच का गं बाय?"

"काय पाहिजे?"

"काय नको. दोरी द्यायला आलीय."

तिनं कमरेला गुंडाळलेली काथ्याची दोरी सोडली. मी लगेच ओळखली. टोक उसवू नये म्हणून त्याला माझ्याच जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली होती. तुमच्या सायकलबरोबर ही दोरी परत आली नव्हती, आणि मला ते आतापर्यंत सुचलंच नव्हतं. सगळं गाव ब्रेक ब्रेक करत होतं. फांदी कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

"ही तुझ्याकडे कशी?"

"फांदी माज्याकडं, मंग दोरी कुनाकडं असंल?"

"आणि फांदी तुझ्याकडे कशी?"

ती खाली बसली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी आहे. "बुधी म्हनत्यात मला. शिंगरोबाच्या खाली, शेवटच्या उताराच्या आदी वळन लागतं ना, तितं माजं खोपाट. आदी समदे फांद्या पार खाली नेऊन टाकायचे. खालून वर लाकूड वडायचं तर माजी कंबर मोडती. तुजा दादला बोलला, बुधे, रडू नको, मी हितंच सोडतो. मंग त्याच्या मागचे समदे सायब बी हितंच सोडायला लागले. माजी चूल चालतीय."

"आणि मध?"

"मंग? फुकाट लाकूड घिऊ व्हय?"

मी पाना खाली ठेवला. इतकी वर्षं मी जिला मनातल्या मनात काजळ लावून, गजरा माळून बसवली होती, तिच्या तोंडात पुढचे दात नव्हते.

तरी मी सोडलं नाही. "फांदी वळणावर सोडली, तर पुढचा उतार कसे जायचे ते?"

"बिरेकवर. मी म्हनायची, अरं सायकलवाल्या, पडशील. तर म्हनायचा, बुधे, बिरेक माज्या बायकोनं बसिवलाय, तितं फांदी कशाला लागतीय. लय बोलायचा गं बाय तुजा दादला. पानी प्यायला म्हनून टेकायचा, आन् उन्हं कलली तरी उठायचा नाय."

हे तुम्ही तिला सांगितलंत. मला मात्र सांगितलंत, रबर हलकं येतं.

मी थोडा वेळ चाक फिरवत बसले. मग विचारलं, "त्या दिवशी खाली काय झालं?"

तिनं फळीकडे बघितलं, बाहेर कुणी आहे का म्हणून. "म्या वरती व्हते. फांदी घेतली, त्यो एकलाच पुडं गेला. मंग खडी सरकल्याचा आवाज आला. उताराच्या खाली खडीचा ढीग वतला व्हता ना रस्त्यावर. वळनावरनं दिसत नाय त्यो. लाल फडकं नाय, दगूड नाय, कायच नाय. दुसऱ्या दिशी मुकादमानं मानसं लावली आन् पसरून टाकला."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"मला कोन इचारतंय?"

"मी सांगते मग. तू बोललीस म्हणून सांगते."

तेव्हा मात्र म्हातारीनं माझा हात धरला. "नको गं बाय. माजा ल्योक तितंच खडी फोडतो. मुकादम त्याला हाकलंल. म्या दोरी द्यायला आली, दुसरं कायच बोलली नाय."

मी तिला गुळाचा चहा करून दिला. ती प्यायली, गूळ कमी आहे म्हणाली आणि गेली. तुम्ही ज्यांच्याशी उन्हं कलेपर्यंत बोलता ती माणसं अशीच असतात.

म्हणजे आता मला कळलं, आणि कळूनही माझ्या हातात काही नाही. बुधीचं नाव मी घेणार नाही. तिचं नाव न घेता मी खडीचे चार कपचे दाखवले तर गाव म्हणेल, लोहाराची पोर स्वतःचा ब्रेक वाचवतेय. आणि नाताळच्या सुट्टीत मुंबईची मंडळी येतील. तुम्ही नसलात तरी येतील. तुम्हीच शिकवलेलं, त्या वळणावर शेपटी सोडतील आणि तो उतार ब्रेकवर उतरतील. खाली पुन्हा ढीग असला तर?

तुमचा मला राग येतो तो इथे. मला सांगितलं असतंत, की मी वळणावर फांदी सोडतो, तर मी मागचं रबर दुप्पट जाड घातलं असतं. तुमच्याशी भांडले असते, वेगळी गोष्ट. पण जाड घातलं असतं. तुम्हाला वाटलं, हिला सांगितलं तर म्हातारीचा संशय घेईल. घेतलाच असता. पण जाड रबर घालून घेतला असता.

आणि एक गोष्ट मीही तुम्हाला सांगितलेली नाही. ब्रेक बसवला की तो बघायला कुणीतरी चालवायला लागतं. तुम्ही उन्हं वर आल्याशिवाय उठायचा नाहीत. मी पहाटे पाण्याला जाते म्हणून निघायची आणि नदीकडच्या वाटेवर दुकानातली सायकल चालवून बघायची. नऊवारीचा काष्टा असला की दांडा आड येत नाही. गंगू पाळण्यात होती तेव्हापासून मला सायकल येते. तुम्हाला ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. पण एकदा सकाळी पाहिलं, भाड्याच्या सायकलींपैकी एकीची सीट खाली केलेली होती. नेमकी माझ्या उंचीला. मी तुमच्याकडे संशयानं बघितलं. तुम्ही दात घासत होतात. मी विचारलं नाही, तुम्ही बोलला नाहीत. त्यानंतर ती एक सायकल तुम्ही कधी भाड्यानं दिली नाहीत. "तिची चेन खराब आहे," म्हणायचात. चेन मी बघत होते. चांगली होती.

चाक आता सरळ फिरतंय. नव्या तारा घातल्या, दांडी ठोकून सरळ केली. बाकी ब्रेकला हात लावलेला नाही. रबर तेच, खिळी तीच, पीळ तोच. फक्त सीट खाली केली आहे. दिवे लागायच्या आत एवढं संपवलं.

मंगळवार. आज सकाळी केलं ते सांगून टाकते.

पहिल्या पुण्याच्या गाडीला सायकल घेऊन स्टेशनावर गेले. गार्ड म्हणाला, "बाई, सायकल कुणाची?"

"माझी."

"चालवणार कोण?"

"तुम्ही शिट्टी वाजवा."

खंडाळ्याला उतरले. जांभळीची वाळकी फांदी शोधली, बुधीनं आणलेल्या दोरीनं बांधली. पहिल्या उताराला पाय जमिनीला लावत गेले, खोटं कशाला सांगू. नदीकडची वाट निराळी, हा डोंगर निराळा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला झाडांचे शेंडे पायाखाली. पण मागे फांदी खरखरत होती आणि सायकल माझ्या कह्यात होती. गाडीवान बैल थांबवून बघत राहिले. एकानं विचारलं, "कुनाची गं तू?" मी थांबले नाही. शिंगरोबाशी थांबले, तुम्ही थांबायचात म्हणून. हात जोडले आणि पुढे निघाले.

वळणावर बुधी दारातच होती. मी दोरी सोडली आणि फांदी तिच्या अंगणात ढकलली.

"तू बी?"

"मी बी."

फांदी मागे बांधूनच उतरले असते तर काही सिद्ध झालं नसतं.

उतार मोठा नाही. पण वळण सुटेपर्यंत खालचं काही दिसत नाही, हे खरं. वळण सुटलं आणि ढीग दिसला. नवा ढीग, अर्धा रस्ता अडवून. त्याच्या अलीकडे दत्तू भावोजी मजुरांना काहीतरी ओरडून सांगत उभे. मी ब्रेक दाबला. सायकल थांबली. पुढचं चाक भावोजींच्या वहाणांपासून हातभर अंतरावर.

हातोडे थांबले. भावोजी एक पाऊल मागे सरले. "वहिनी, तुम्ही?"

"दादांची सायकल आहे. दांडी तीच, पीळ तोच. बघून घ्या."

मजुरांमधून कुणीतरी म्हणालं, "मुकादम, बिरेक तर झ्याक लागतोय की!" दुसरे हसले. बुधीचा मुलगा त्यातला कोणता, हे मी मुद्दामच बघितलं नाही.

पदराची गाठ सोडून कपचे भावोजींच्या तळहातावर ठेवले. "हे तुमचं सामान. दादांच्या टायरमध्ये राहिलं होतं."

त्यांनी मूठ मिटली. तुमच्या पाठीवर वाढलेला माणूस. त्या दिवशी तुम्हाला गाडीतून उतरवताना तो माझ्याकडे बघत नव्हता, ते मला दिसलं होतं. तेव्हा मला वाटलं, दुःखानं. दुःखानंही असेल.

"वहिनी, कंत्राटदार मला उभा ठेवणार नाही."

"मला गावानं उभं ठेवलं आहे का? दुकानात या आणि चार माणसांसमोर सांगा, रस्त्यावर खडी होती. कुणी ओतली ते मी विचारत नाही. गावानं विचारलं तर तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी डोक्याचं तांबडं मुंडासं सोडलं, एका बांबूला बांधलं आणि ढिगात रोवलं. बोडक्या डोक्यानं तिथेच उभे राहिले. मी तोपर्यंत सायकलवर बसले होते.

दुकान उघडायला उशीर झाला. आल्यावर सगळ्या फळ्या काढल्या आणि तुमची सायकल पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी उभी केली. कपडे अजून धुळीचे आहेत. दुपारी भावोजी आले, अजून बोडक्या डोक्यानंच. पाणी मागितलं, आणि समोर पानाच्या ठेल्याशी उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ब्रेक नव्हता गेला. खडी होती." मी पाणी दिलं. ते रडले. मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

उशीर का झाला, तेही सांगते. खोपोलीहून मी सरळ आले नाही. खालापूर, चौक करत आले. सावली आहे, हे खरं. पण रस्ता लांबच आहे.